आप्पा पोचवून यायचे

सुरतेतल्या आमच्या नवागामात कुणाचे डोळे पिवळे झाले की डॉक्टरच्या आधी सुकदेव आप्पांना बोलावणं जायचं. डॉक्टर काय सांगणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं, 'गावाकडे घेऊन जा.' आणि गावाकडे घेऊन जाणारा माणूस आमच्या गल्ल्यांमध्ये एकच होता.

आप्पा यायचे, चप्पल उंबऱ्याबाहेर काढायचे, आजाऱ्याजवळ बसून दोन बोटांनी त्याची पापणी वर करायचे. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये ते तीस वर्षं कलर किचनला होते, म्हणजे जिथं साड्यांचे रंग घोटतात तिथं. शेठनं दिलेला नमुना बघून नुसत्या डोळ्यांनी शेड जुळवायची, हे त्यांचं काम. मिल सुटली तरी डोळे तेच राहिले. "लेमन शे. आजून येळ शे," असं म्हणाले की घरातल्या बायकांच्या जिवात जीव यायचा. 'गोल्डन' म्हणाले की बायका गप्प व्हायच्या. आणि 'मस्टर्ड' म्हणाले की पुढचं वाक्य ठरलेलं, "सकायनी गाडी धरू." अहिराणीत सकाय म्हणजे उद्या. आप्पांनी मस्टर्ड म्हटल्यावर कुणी परवाचा विषय काढत नसे.

सांगून टाकते. गुजरातेत दारूबंदी आहे. शाळेत आम्हाला तसं शिकवलं, आणि घरी येताना वाटेवरच पोटली मिळायची. पोटली म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेली गावठी. दातानं कोपरा फाडायचा आणि उभ्या उभ्या संपवायची. ग्लास नको, बाटली नको, मागं काही राहत नाही. बंदी असलेल्या राज्यात दारूनं माणूस मरत नाही. तो काविळीनं मरतो, पोट फुगून मरतो, हार्ट बंद पडून मरतो. दारूचं नाव काढलं की कुठं प्याला, कुणी विकली, हे विचारणारे दारात येतात. आणि विकणारा आपल्याच गल्लीत, आपल्याच भिंतीपलीकडे राहत असतो. म्हणून कुणी नाव काढत नाही. आणि ज्याला शक्य आहे तो मरायच्या आधी महाराष्ट्रात जातो.

म्हणजे त्याला नेतात. म्हणजे आप्पा नेत.

उंच, खांद्यात वाकलेले, बोलणं मोजकं. खोलीत एकटे. बायको अनुसयाबाई शिरपूरकडच्या गावी; आप्पांच्या पिण्याच्या दिवसांत एकदा पोरांना घेऊन गेली ती परत आली नाही. त्यानंतर आप्पांनी दारू सोडली, असं सगळी गल्ली सांगायची. मी तर आमच्या दारूविरोधी सभेत सांगायची, "आप्पांकडे बघा! सुटते!" आप्पा तेव्हा मागच्या रांगेत बसून चपलेचा अंगठा नीट करत असत.

त्यांची एक रेक्झिनची पिशवी होती. तिच्यात स्टीलचा पेला, दाढीचं सामान, पावडरचा डबा, आजाऱ्याच्या घरून मागून घेतलेला धुतलेला शर्ट, आणि काळा कंगवा. सकाळी उधन्याला गाडीत बसायचं. बार्डोली, व्यारा गेलं, सोनगड सुटलं, की आप्पा त्या माणसाची दाढी करायला घ्यायचे, हलत्या गाडीत, एका हातानं त्याची हनुवटी धरून. नवापूरला गाडी थांबली की प्लॅटफॉर्मच्या नळावर त्याचं तोंड धुवायचं, मानेला पावडर लावायची, शर्ट घालायचा, आणि मग शेवटचा प्रश्न.

"भांग कोन्या बाजूले पाडस रे भो?"

माणूस अर्धा शुद्धीत असला तरी विचारायचे. त्याला सांगता येणार नाही असं वाटलं तर निघायच्या आधीच त्याच्या बायकोला विचारून ठेवायचे. त्यांचं म्हणणं असं, की सुरतेत माणूस सुजतो, काळा पडतो, दात पडतात, पण भांग तोच राहतो, आणि गाव माणसाला भांगावरून ओळखतं. घराच्या दारात उभं राहिल्यावर त्यांचं एकच वाक्य असायचं, "मिलनं पानी बाधनं." पाणी बाधलं. एवढं बोलून ते माणूस स्वाधीन करायचे, पाणी प्यायचे आणि परतीची गाडी धरायचे. आले की एक दिवस त्यांचं दार बंद असायचं. दमले असतील म्हणून आम्ही हाक मारत नसू.

माझ्या बापाला त्यांनीच नेलं. मी दहावीत होते. आदल्या दिवशी त्यांनी माझ्या आईला दारात उभं राहून विचारलं, "भांग?" आई म्हणाली, डावीकडे. मग म्हणाली, नाही, उजवीकडे. मग पदर तोंडाला लावून आत गेली. दोन वर्षांत तिनं त्या माणसाचे केस विंचरलेले पाहिलेच नव्हते. नवापूरला त्यांनी काय केलं मला माहीत नाही, पण आम्ही चार दिवसांनी दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी पोचलो तेव्हा बापाचा भांग मधोमध होता.

तिथंच तो गेला. ग्रामपंचायतीचा माणूस कागद घेऊन आला आणि विचारलं, कशानं? माझे काका ओसरीवरूनच म्हणाले, "दारूनं, आजून कसानं!" कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. बायका भाकरी थापत राहिल्या. मला मात्र धक्का बसला. जो शब्द आमच्या गल्लीत माझी आई स्वतःशी पुटपुटत नव्हती, तो इथं माणूस खुशाल ओसरीवरून फेकत होता. सुरतेत प्यालेला, सुरतेत सडलेला माझा बाप महाराष्ट्रात मेलेला म्हणून लिहिला गेला. मी पुढं जी काही झाले, भाषणं करणारी, पत्रकं वाटणारी, ती त्या ओसरीवरून झाले.

म्हणून आप्पांशी माझं भांडण होतं. ते मला 'पत्रकवाली' म्हणायचे. मी कॉलेज संपवून साड्यांना लेस लावायचं काम घरी करत होते आणि आमच्या पाच-सहा जणांच्या मंडळासाठी पत्रकं लिहीत होते, मराठीतून आणि गुजरातीतून. एकदा दुपारी ते नळावर पेला घासत होते, तिथं त्यांना गाठलं.

"आप्पा, तुम्ही पुरावा पळवता."

"बरं."

"बरं काय? इथं पिऊन मेलेला माणूस इथं मोजला गेला पाहिजे. तुम्ही त्याला नवापूरच्या पलीकडे नेऊन टाकता, आणि सरकारी तक्त्यात आमच्या राज्याचा रकाना स्वच्छ. बघा म्हणे, बंदी कशी चालते!"

"टाकत नही. पोचाडस."

"तेच ते."

"तेच नही व माय." पेला उपडा ठेवून ते म्हणाले, "तुले आकडा पाहिजे. त्याले त्यानी माय पाहिजे."

"अर्ध्यांच्या आया मेलेल्या असतात."

"मंग तिनं घर पाहिजे."

मी चिडून त्यांच्या हातात पत्रक दिलं. त्यांनी पायरीवर बसून बोट ठेवून ठेवून ते सगळं वाचलं. माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला सांगू. वाचून झाल्यावर म्हणाले, "यामा नाव कोनंच नही."

"नावं कशी टाकणार? घरच्यांच्या मागं लागतील."

"मंग मरना कोन, ते समजनं नही माले." आणि त्यांनी पत्रकाची चार पदरी घडी केली, खिशातून कंगवा काढला आणि त्या घडीत घातला. नंतर कित्येक महिने माझं पत्रक त्या कंगव्याचं म्यान होतं.

रामदासची गोष्ट त्यांनी मला अशीच पायरीवर बसून सांगितली. रामदास जालन्याकडचा, सुरतेत लिंबायतला कापडाच्या लूमवर कामाला. आप्पा सहसा खानदेशातलीच माणसं नेत, पण याच्याबरोबर जायला कुणीच नव्हतं. नवापूरला तोंड धुताना त्याचा श्वास लागला. आप्पांनी आणि एका चहावाल्यानं त्याला बाकड्यावर निजवलं. गाडी निघून गेली. आता नवापूरचं स्टेशन असं, की अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात. सीमेची रेघ प्लॅटफॉर्मवरून जाते, बाकड्याच्या मधून जाते, लोक तिथं फोटो काढतात.

"त्यानं डोकं गुजरातमा, पाय महाराष्ट्रमा," आप्पा म्हणाले. "मी म्हनं, आठे, गुजरातमा, ग्या तर इचारतीन. कोठे पिना, कोन्या खोलीमा ऱ्हास. त्यानासंगे खोलीमा सात जन, सगया लूमवर. मंग चहावालाले म्हनं, धर रे." दोघांनी उचलून त्याला बाकड्यावरच पुढं सरकवलं. आप्पांनी हात पसरून मला अंतर दाखवलं. "दोन हात."

तेवढ्या हालचालीनं रामदासनं डोळे उघडले. विचारलं, "आलं का?"

जालना तिथून कुठल्या कुठं.

"आलं," आप्पा म्हणाले. आणि त्याचा भांग पाडला.

मी म्हटलं, "म्हणजे ते मरण महाराष्ट्राचं झालं."

"व्हयनं."

"आणि तुम्ही त्याच्याशी खोटं बोललात."

"त्या दिन मी लई खोटं बोलनू," ते म्हणाले. "तू कोनतं म्हनस?"

त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं. मथळा 'दोन हातांवर मरण'. मंडळात सगळ्यांना फार आवडला. आप्पांना मात्र मी ते दाखवलं नाही.

आणखी एकदा ते चार दिवस आलेच नाहीत. अमळनेरच्या पुढच्या एका गावी एकाला घेऊन गेले होते. भावानं दार उघडलं नाही. खिडकीतून म्हणाला, आमचा नाही तो. आप्पांनी त्याला मारुतीच्या देवळात नेलं आणि तिथंच बसले. लोक भाकरी आणून द्यायचे, लांबूनच बघायचे. तिसऱ्या दिवशी बकऱ्या घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला, वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "हाऊ तर आमना वर्गमधला!" तो म्हातारा दिवसभर त्याच्या पायाशी बसला, शाळेतल्या कुठल्या कुठल्या पोरांची नावं सांगत. संध्याकाळच्या आत माणूस गेला. मी आप्पांना विचारलं, दारातूनच हाकललं तर परत यायचं ना, चार दिवस कशाला? त्यांना प्रश्नच कळला नाही. "पोचना नव्हता ना तो आजून," म्हणाले.

आता शेवटचं.

यंदाच्या उन्हाळ्यात आप्पा एकाला नंदुरबारकडे पोचवून आले आणि दार बंद झालं. दुसऱ्या दिवशीही उघडलं नाही. माझ्या खोलीपासून तिसरं दार. मी जाऊन वाजवलं. बऱ्याच वेळानं कडी निघाली, दार उघडलं आणि दुपारचं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर पडलं.

मला शेड जुळवायचं काम येत नाही. पण इतकी वर्षं त्यांना पाहत होते. मस्टर्ड.

खोली नेहमीसारखी नेटकी होती. खाटेखाली एक खोका होता, त्याचं झाकण उघडं. आत रिकाम्या पोटल्या. धुतलेल्या, वाळवलेल्या, एकावर एक चौकोनी घड्या घालून ठेवलेल्या, जशा मिलमध्ये साड्या ठेवतात. ते खाटेवर बसले.

"कधीपासून, आप्पा?"

"सुटेलच नव्हती." मग, "रोज नही. पोचाडीसन उनू का, एक दिन." आणि माझ्याकडे न बघता, "परतनी गाडी रिकामी ऱ्हास व माय."

मी पत्रकवाली. ज्या माणसाला भरसभेत उभं करून दाखवत होते, त्याचं दार दर खेपेला बंद व्हायचं आणि मी समोरून लेसचे गठ्ठे घेऊन जायची. जग झोपलंय म्हणून ओरडणारी मी. असो. इथं माझं कौतुक नको आणि माझी कीवही नको.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, आणि मी ते म्हटलं. "आप्पा, गावी नाही जायचं. मी दवाखान्यात नेते. कारण खरं लिहायला लावते. तुमच्यामागं इथं कुणी नाही, कुणाला धरून नेणार आहेत? एक तरी मरण या राज्याच्या नावावर लागू दे."

आप्पांनी नीट ऐकून घेतलं. नेहमीच ऐकत. "तू म्हनस ते खरं शे," ते म्हणाले. मग खुंटीवरच्या रेक्झिनच्या पिशवीकडे बघत राहिले. शिरपूरच्या वाटेनं किती जणांना त्यांनी नेलं असेल! त्यांच्या स्वतःच्या गावाचा फाटा त्याच वाटेवर. बस तिथं थांबायची आणि आप्पा खिडकीशी बसून राहायचे.

"पन एकदाबी मी मना घर पोचनू नही," ते म्हणाले.

बाहेर कुणाचं तरी लूम खटखटत होतं. मी पिशवी खुंटीवरून काढली.

"सकायनी गाडी धरू," मी म्हटलं.

सोनगड सुटल्यावर मी त्यांची दाढी केली. दोन ठिकाणी कापलं. ते डोळे मिटून बसले होते, एकदाच म्हणाले, "हनुवटी धर." नवापूरला नळावर तोंड धुतलं, पावडर लावली, शर्टाची बटणं लावली. त्यांचं अंग इतकं हलकं होतं की मला राग आला, कुणावर ते कळेना. बाकड्यावर कॉलेजची पोरं रेघेच्या दोन्ही बाजूंना बसून फोटो काढत होती. आप्पा त्यांच्याकडे बघत होते. गाडीनं शिटी दिली तशी मी घाईनं केसांवरून कंगवा फिरवला आणि त्यांना आत चढवलं.

नरडाण्याला उतरून बस घेतली. यावेळी फाट्यावर आप्पा उतरले.

अनुसयाबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. ठेंगणी, काटक बाई. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. मी आप्पांना ओट्याच्या कडेवर बसवलं आणि तोंड उघडलं, आणि ऐकते तर मी म्हणत होते, "मिलचं पाणी बाधलं."

"पानी?" त्या म्हणाल्या. "कसानं पानी? दारू म्हन ना. आठे कोन पोलीस बठेल शे?"

शेजारच्या ओट्यावरची माणसं हसली नाहीत, उठली नाहीत, वळलीही नाहीत.

"तू कोन?"

"सुरतेची. शेजारची."

"पोचाडाले उनी?"

मी मान हलवली. आप्पा जमिनीकडे बघत होते. त्या बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, आता खिडकीतून बोलणाऱ्या त्या भावासारखं काहीतरी ऐकावं लागणार, आणि मी मनात मारुतीचं देऊळ कुठं दिसलं होतं ते आठवू लागले.

"भांग कोनी पाडा?" त्यांनी विचारलं.

"मी."

"चुकना."

मी विचारलंच नव्हतं. वीस वर्षं आप्पा ज्याला त्याला जे विचारत आले, ते एवढंच मी त्यांना विचारायला विसरले होते. अनुसयाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि हात पुढं केला. मी कंगवा दिला. त्यांनी तो माझ्या पत्रकातून काढला, पत्रक मला परत दिलं, ओट्यावरच्या पेल्यातल्या पाण्यात बोटं बुडवली आणि आप्पांचे केस सगळे मागं घेऊन उजवीकडून सरळ रेघ काढली. जोरात, पोरांचे केस विंचरावेत तसे. आप्पांनी डोळे मिटले होते. मग अनुसयाबाईंनी रेक्झिनची पिशवी उचलली, सूप उचललं आणि मला म्हणाल्या, "जाय, बस निघी जाई."

आप्पा त्यानंतर फार दिवस नव्हते. मला फोनवर कळलं. कागदावर काय लिहिलं ते मी विचारलं नाही, विचारायला हवं होतं. ते इथं राहिले, इथं राबले, इथंच प्याले, आणि इथल्या कुठल्याही रकान्यात नाहीत, एवढं मला विचारल्याशिवायही ठाऊक आहे. पुढच्या पत्रकात मी पहिल्यांदा नाव छापलं. सुकदेव आप्पा, नवागाम. चौकशीला यायचं त्यांनी खुशाल यावं, खोलीला कुलूप आहे.

फाट्याकडे जाताना वळणावर मी मागं वळून पाहिलं होतं. अनुसयाबाई आत गेल्या होत्या. दार उघडं होतं. आप्पा नव्या भांगानं, ताठ बसून, अजून बाहेरच होते.